मागच्या चाकांचे तेल

आमच्या सांगलीच्या दुकानात तीन वह्या असतात. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी आणि तिसरी निळ्या पुठ्ठ्याची, आमच्या पिकअप गाडीची. पहिल्या दोन आजोबांच्या काळापासून चालत आल्या आहेत. तिसरी मी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केली. तिच्या पहिल्या पानावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा आहे आणि त्यापुढे एवढेच लिहिले आहे : ‘मागच्या डिफरेन्शियलचे बेअरिंग व तेल बदलले. मलकापूर.’ या एका ओळीमागची हकिगत वाचकांना सांगावी असे बरेच दिवस मनात होते. तिच्यात माझी एक चूक आहे, आणि मालवाहू गाडी बाळगणाऱ्या कोणत्याही व्यापारी घरात ती सहज घडू शकेल अशी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गणपती पेठेत पाणी शिरू लागले तेव्हा आमच्या गोदामात गूळ, हळद आणि डाळींची पोती थप्पीला लागलेली होती. आमच्या गाडीवर पंचवीस वर्षांपासून असलेले चालक, ज्यांना घरातली लहानथोर सगळी माणसे ‘मामा’ म्हणतात, त्यांनी त्या दिवशी पिकअपच्या पाच खेपा केल्या. शेवटच्या दोन खेपांना रस्त्यावर मागचा धुरा पूर्ण बुडेल इतके पाणी होते. इंजिनात पाणी जाऊ न देता, गाडी कुठेही न थांबवता, त्यांनी जमेल तेवढा माल विश्रामबागेकडे आमच्या एका नातलगांच्या अंगणात पोहोचवला. जे वाचले ते मामांमुळे वाचले, हे तात्या आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

पाणी ओसरल्यावर महिनाभर आम्ही चिखल उपसत होतो. नुकसानीचा हिशेब मी स्वतः मांडला. किती पोती भिजली, किती डबे वाहून गेले, कोणत्या वह्यांची पाने वाळवता आली, याची नोंद मी अगदी किलो-किलोने केली. गाडीचेही केले, असे मला वाटत होते. इंजिनचे तेल बदलले, ब्रेक उघडून साफ केले, बैठका उन्हात वाळवल्या. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला आणि गाडी कामाला लावली.

दसऱ्यानंतर आठवडाभराने मामा म्हणाले, “दादा, मागनं आवाज येतोय बघा. साठच्या वर गेलं की भुंगा घोंगावल्यागत.”

मी म्हणालो, “टायर झिजलेत मामा. दिवाळी झाली की बदलू.”

काही दिवसांनी ते पुन्हा म्हणाले, “टायरचा न्हाई दादा. पाय उचलला की आवाज बदलतोय.” त्या वेळी मी विमा कंपनीसाठी कागद जुळवत बसलो होतो. मान वर न करता मी बोलून गेलो, “मामा, आता तुमचेही कान वाजायला लागले.” ते काही बोलले नाहीत. किल्ली खिळ्याला अडकवून घरी गेले.

नोव्हेंबरात रत्नागिरीच्या एका जुन्या ग्राहकाकडे दीड टन माल पाठवायचा होता. पुरानंतरची ती आमची पहिली मोठी मागणी. सांगलीहून कोल्हापूर, तेथून मलकापूर आणि पुढे आंबा घाट उतरून साखरपा, असा नेहमीचा रस्ता. सकाळी दहाच्या सुमारास मामांचा फोन आला. मलकापुरात चहासाठी थांबल्यावर त्यांनी मागच्या धुऱ्याच्या मध्यावरील गोळ्याजवळ हात नेला, तर हात धरवेना इतका तो तापला होता. मी म्हणालो, “घाट उतरा, रत्नागिरीत दाखवू. माल आजच पोहोचला पाहिजे.”

पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “दादा, किल्ली मिस्त्रीकडं ठेवतो. घाटात मी नेणार न्हाई. पंचवीस वर्षांत तुमच्या घरचा शब्द मोडला न्हाई, आज मोडतो.”

मी रागाने निघालो. मलकापूर येईपर्यंत अडीच तास मनात एकच वाक्य घोळवत होतो, की उद्यापासून दुसरा चालक बघायचा.

रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजमध्ये गाडी खड्ड्यावर उभी होती. मिस्त्रींनी मला खाली बोलावले. मी जन्मात प्रथमच आमच्या गाडीच्या पोटाखाली गेलो. इंजिनकडून आलेला लांब दांडा मागे ज्या भोपळ्यासारख्या फुगीर पेटीत शिरतो, तिच्या तळाचा बोल्ट त्यांनी सोडवला. खाली घमेले धरले होते. त्यात तेल पडले नाही. दुधाचा चहा पडावा तसे तांबूस-पांढरे, फेसाळ पाणी पडले. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असते. त्यावर लोखंडाचे चकचकीत कण काट्यांसारखे उभे होते. मिस्त्रींनी ते बोटाने चोळून माझ्यापुढे धरले.

“पुरात होती काय गाडी?” त्यांनी विचारले. मी मान हलवली.

मग त्यांनी जे समजावले ते मी आजवर कुणाकडून ऐकले नव्हते. गाडी वळणावर असताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच सरळ दांड्याला घट्ट बांधली, तर एक चाक फरफटत जाईल. म्हणून दोन्ही चाकांना शक्ती पोहोचवूनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची जुळणी या पेटीत असते. पुढे मी वाचले, की फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्यूर या कारागिराने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही रचना योजली होती. जवळजवळ दोन शतके झाली, तरी मूळ कल्पना तीच आहे.

या पेटीत पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवते. बहुतेक मालवाहू गाड्यांत त्यांचे दाते तिरपे असतात. ते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत. दाबाखाली घासत सरकतात. साध्या तेलाचा थर त्या दाबाखाली फाटतो. म्हणून येथे गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळलेले जाड गिअर ऑईल लागते. डब्यावर त्याची खूण ‘जीएल-५’ अशी असते आणि ‘८०डब्ल्यू-९०’ किंवा ‘८५डब्ल्यू-१४०’ असा जाडीचा आकडा असतो. त्याचा उग्र वास हातावरून दोन दिवस जात नाही. पेटीतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळावी म्हणून वर एक बारीक श्वासनळी ठेवलेली असते. तापलेला धुरा थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा एकदम आकसते आणि त्या नळीतून, जुन्या सीलच्या फटींतून, पाणी आत ओढले जाते.

म्हणजे पुरात मामांनी माल वाचवण्यासाठी ज्या खेपा केल्या, त्याच खेपांत हे पाणी आत गेले होते. ऑगस्ट ते नोव्हेंबर ते आतच राहिले. तेल आणि पाणी घुसळून दाते त्यातच फिरत राहिले, बेअरिंग गंजत गेले. दसऱ्याला मी पुढून हार घातला, त्या दिवशीही ते आत होतेच.

“पिनियनचं बेअरिंग गेलंय,” मिस्त्री म्हणाले. “घाटात हे धरलं असतं, तर मागची चाकं जागेवर जाम झाली असती.”

दीड टनाचा भार, आंब्याचा उतार, एका अंगाला दरी. त्यापुढचे कोणी बोलले नाही. मी खड्ड्यातून वर आलो, तर मामा बाकावर बसले होते. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. अडीच तास घोळवलेले ते वाक्य माझ्या घशात अडकले. मी एवढेच म्हणालो, “मामा, तुमचे कान ठीक आहेत. माझेच बंद होते.” ते हसले, आणि ग्राहकाला फोन करून माल दुसऱ्या गाडीत भरण्याच्या तजविजीला लागले. तोवर त्यांनी एक रिकामा टेम्पोही बघून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून बेअरिंग आणि सील आणवले. दात्यांवर गंजाचे डाग होते, पण दाते शाबूत होते; आणखी महिना गेला असता तर तेही राहिले नसते. पेटी धुऊन पुसली, फटी मोजून सगळे पुन्हा बसवले आणि नवे तेल भरले. गाडी सांगलीला आली तेव्हा आवाज नव्हता. त्या रात्री मी निळी वही आणली.

तेव्हापासून दर वर्षी पावसाळा संपला, की एका रविवारी मी आणि मामा हे काम घरीच करतो. पद्धत सोपी आहे. क्रम मात्र चुकवू नये. आधी गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट खाली येते. मग ती सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ओट लावावी. बोल्टभोवतीची माती तारेच्या ब्रशने साफ करावी. यानंतर पहिल्यांदा वरचा, तेल भरण्याचा बोल्ट सोडवून पाहावा, आणि तो सुटला तरच तळाच्या बोल्टला हात लावावा. जुने तेल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकून बसते. चुंबकावर करडा, लोण्यासारखा बारीक गाळ दिसला तर ती नेहमीची झीज समजावी. टोचणारे कण दिसले तर मिस्त्रीला बोलवावे. तळाचा बोल्ट नवी वॉशर घालून आवळावा. वरच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरावे. त्या भोकाची खालची कड हीच तेलाची पातळी. आमच्या गाडीला दोन लिटरच्या आसपास लागते. किती किलोमीटरला बदलावे आणि कोणते तेल घालावे हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. धुरा पाण्यात बुडाला असेल, तर मात्र किलोमीटर मोजत बसू नये. शेवटी श्वासनळी चिखलाने बुजलेली नाही ना, ते बघावे.

काढलेले तेल आम्ही डब्यात भरून ठेवतो. गॅरेजमधून ते पुनर्वापरासाठी नेणाऱ्यांकडे जाते. पूर्वी अशी तेले गटारात ओतलेली मी पाहिली आहेत. सांगलीचे गटार नाल्यातून शेवटी कृष्णेलाच मिळते, आणि तिच्या पाण्यातल्या लहानसहान जिवांना ते सोसत नाही. ज्या नदीचे पाणी आमच्या गाडीच्या पेटीत शिरले, तिच्यात आमच्या पेटीतले तेल जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

हा सगळा खर्च तेल, वॉशर आणि एक सकाळ इतकाच आहे. न केल्यास काय होते, त्याचा आकडा मी कोणत्याही वहीत मांडू शकत नाही. व्यापारात आपण उधारीवर लक्ष ठेवतो, मालाच्या तुटीवर ठेवतो. पण रोज माल घेऊन रस्त्यावर जाणारा माणूस जेव्हा दारात उभा राहून ‘आवाज येतोय’ म्हणतो, तेव्हा हातातले कागद खाली ठेवावेत, हे मी मलकापुरात शिकलो.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. या वेळी माल दोन दिवस आधीच हलवला होता, तरी शेवटच्या खेपेला मागची चाके पाण्यात गेलीच. पाणी ओसरले तेव्हा दुकानाचे कुलूप उघडण्याआधी मी पाना घेऊन गाडीखाली गेलो. वरचा बोल्ट काढून आत बोट घातले. बोट बाहेर आले ते सोनेरी, स्वच्छ. वास तोच उग्र. तरीही तेल बदललेच, कारण पाणी तळाशी बसलेले असू शकते.

मामा वर उभे होते. त्यांनी विचारले, “कसं हाय दादा?”

मी हात बाहेर काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ते तेल दोन बोटांत चोळून पाहिले, मान हलवली आणि निळी वही आणायला आत गेले.