मागून जेवणारी

स्वतःपुरतं ताट नीट वाढून घेणं फार थोड्यांना जमतं. भाजी कढईतूनच, भात कुकरच्या भांड्यातूनच, मीठ कमी वाटलं तर थेट बरणीतून. पान वाढण्याची रीत, म्हणजे वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, ही दुसऱ्यासाठी वाढतानाच आठवते. एकट्यासाठी कोण भाताची मूद पाडतं? मी पाडतो. शहरात एकटा राहायला लागल्यापासून हे व्रतासारखं सांभाळलं आहे. वाटीला आतून तुपाचं बोट फिरवायचं, भात हलक्या हातानं दाबायचा, वाटी पालथी घालून बुडाला टिचकी मारायची. वाटी उचलली की वाफ चेहऱ्यावर येते आणि जेवायला बसल्यासारखं वाटतं. एकट्याचं जेवण दीनवाणंच असतं, हे मला मान्य नाही.

तरी काहीतरी उणं असतंच. गप्पा नव्हेत, आमच्याकडे जेवताना फारसं कुणी बोलत नसे. उणी असते ती आपल्या पानावरची दुसऱ्याची नजर. भात कोरडा दिसताच आमटीची पळी पुढे येते, अर्धी पोळी उरली तर ‘बरं नाही का रे?’ असं कुणीतरी विचारतं.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळींत ही नजर परक्यांनाही मिळे. कोकणातून, घाटावरून आलेले गडी, बायकामुलं गावाकडे. लालबाग-परळच्या चाळीतल्या एखाद्या खोलीत पाळीपाळीनं जेवायचे, पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. कुणाची रात्रपाळी, कुणाला वांगं चालत नाही, कुणाचा आज खाडा, हे खानावळवालीला तोंडपाठ. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज घेण्याची वाट त्यांना मोकळी झाली. 1982 च्या गिरणी संपात जेवणाऱ्यांचे पगार थांबले, तेव्हा या चुलींनाही त्याची झळ लागली.

पण ती बाई स्वतः कधी जेवत असेल? शेवटची पाळी उठल्यावर, पातेल्याच्या तळाशी जे उरेल त्यावर?

हा प्रश्न मला थेट आमच्या स्वयंपाकघरात आणून सोडतो. आई सगळ्यांच्या मागून बसायची. काठ करपलेली पोळी तिची, शेंगा संपून नुसता रस्सा उरलेली आमटी तिची. तोवर आम्ही हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेलेले असायचो. तिच्या पानात काय आहे, काय नाही, हे बघायला कुणी उरायचं नाही. ज्याला आपण जिव्हाळ्यानं घरचं एकत्र जेवण म्हणतो, त्यात एक माणूस रोज एकटंच जेवत होतं. आमची मूद रोज पाडणाऱ्या तिनं स्वतःसाठी ती कधी पाडली नाही.

आता मी घरी गेलो की पोळ्या आधी करून डब्यात ठेवतो, भांडी मध्ये मांडतो आणि पहिलं पान आईचं वाढतो. सुरुवातीला ती अवघडायची. ‘तुम्ही बसा रे, मी बसते मागून’ म्हणत उठायला बघायची. हल्ली बसते, आमटी पुन्हा मागूनही घेते. तव्यावरून थेट पानात पडणारी पोळी मात्र गेली. तिची चव वेगळीच होती, पण तिच्यासाठी कुणाला तरी तव्यापाशी उभं राहावं लागे. गेली ते बरंच झालं.