दहा ग्रोशी

शिवाजी पुलावरून एसटी चालली की एखाद्या खिडकीतून हात बाहेर यायचा आणि पंचगंगेत नाणं पडायचं. आम्ही पोरं खाली टपलेलीच असायचो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेलं स्पीकरचं चुंबक, त्याला सुतळी आणि पायाखाली गुडघाभर गाळ. १९७२-७३ ची गोष्ट. निकेलचा बंदा रुपया किंवा जुनी अधेली चिकटून वर यायची. पंजी आणि दहा पैसे ॲल्युमिनियमचे, ते नदीचेच राहायचे. १९७५ पासून रुपयात तांबं मिसळलं आणि आमचा धंदा बसला. धातू ओळखायचं माझं शिक्षण एवढंच.

पहिलं परदेशी नाणं मात्र ट्रंकेतून निघालं. आज्जा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेला. लढाईबद्दल तो बोलायचा नाही, थंडीबद्दल बोलायचा. ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांत, इटलीच्या राजाचं डोकं कोरलेलं पन्नास चेंतेसिमीचं नाणं होतं. मी लगेच चुंबक लावलं. टक्कन चिकटलं. "ऱ्हाऊ दे तुला," आज्जा म्हणाला, "तिकडं बी त्याचं काय येत नव्हतं."

मग बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरत गेला. आखातात कामाला गेलेल्या मित्रांनी फिल्स आणले, कुणी आफ्रिकेतलं भोकाचं नाणं दिलं. गुजरीतल्या सराफी पेढ्यांवर चांदी नसेल तर नाण्याला भाव नव्हता, हे माझ्या पथ्यावरच पडलं. कोल्हापुरात परदेशी वस्तू जमवण्यात तसं नवल काहीच नाही म्हणा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन टाऊन हॉलच्या संग्रहालयात उभा आहे. समुद्र इथून कुठल्या कुठे! दोन हजार वर्षांपूर्वी तो ब्राँझचा देव घाट चढून इथवर आला, तर माझ्या डब्यातल्या फिल्सचं कसलं कौतुक?

डब्यातलं माझं लाडकं नाणं १९७९ सालचं, म्हणजे मी घेतलं तेव्हाचं. लक्ष्मीपुरीत रस्त्याकडेला पोतं अंथरून बसलेल्या भंगारवाल्याकडं कुलपं, बिजागऱ्या, खिळे यांच्या ढिगात ते होतं. एका बाजूला मुकुट घातलेला गरुड आणि १९२३ साल, दुसऱ्या बाजूला नक्षीत दहाचा आकडा. रंग जस्ताच्या बादलीसारखा करडा. "पोलंडवाल्यांचं हाय," तो म्हणाला, "वळिवड्याचं." दोन रुपये मागितले, मी घासाघीस न करता दिले.

वळिवड्याचं नाव काढल्यावर कोल्हापूरकर घासाघीस करेलच कसा? १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरियाकडं हाकलली. त्यातली सुटलेली इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा, चर्च, सगळं त्यांनी तिथं उभं केलं. त्यांच्यामागं सिंधी निर्वासित आले, आणि आज त्या जागेला आपण गांधीनगर म्हणतो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो. माझी आजी वळिवड्याला अंडी विकायला जायची. पोलंडच्या बायका अंडं उन्हाकडं धरून पारखून घ्यायच्या, हे ती नक्कल करून दाखवायची.

महावीर उद्यानात १९९८ मध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ झाला. पुढं कधीतरी छावणीत वाढलेली काही वयस्कर मंडळी आली होती, तेव्हा मी नाणं खिशात घालून गेलो. एका आजींच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा गरुडावरून फिरवला आणि मला उच्चार शिकवला, "दहा ग्रोशी." मग भुवया जवळ घेत मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, आमची पांढरी असायची, चकचकीत. मी दोष पत्र्याच्या डब्याला दिला. कोल्हापूरचा पाऊस, दमट हवा, असं काहीबाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

उत्तर मिळालं ते निवृत्तीनंतर, जगभरच्या नाण्यांची जाडजूड सूची चाळताना. १९२३ ची दहा ग्रोशी दोन धातूंत आहे. मूळची निकेलची. जर्मनांनी देश व्यापल्यावर त्याच छापाची, तेच जुनं साल घालून, जस्ताची पाडली, तीही १९४१ पासून. गरुड तोच, मुकुट तोच, साल तेच.

माळ्यावरून ते चुंबक काढलं. सुतळी कुजली होती. नाण्याजवळ नेलं, टेकवलं, वरून फिरवलं. नाणं हललं नाही.

म्हणजे वळिवड्याची माणसं सायबेरियाकडं हाकलली गेली तेव्हा हे नाणं जन्मालाही आलं नव्हतं. त्यांच्या गाठोड्यातून ते येणं शक्यच नाही. इतकी वर्षं मी पाहुण्यांना जी गोष्ट सांगत होतो, ती चहाबरोबर खपली एवढंच. राग भंगारवाल्याचा आला नाही. त्या आजींना डब्याचं कारण सांगितलं त्याची लाज वाटली.

पण मग कोल्हापुरात आलं कुठून? जर्मन फौजेत जबरदस्तीनं भरलेले पोलिश तरुण इटलीत पकडले गेले आणि तिथंच पोलिश सैन्यात सामील झाले. त्या सैन्यात वळिवड्यातल्या कित्येक बायकांचे नवरे आणि पोरांचे बाप होते. कुणी एकाच्या खिशातलं नाणं दुसऱ्यानं घेतलं असेल, पाकिटात घालून पोराला धाडलं असेल. तसं असेल तर भंगारवाला खरं बोलत होता. नाहीतर एखाद्या मराठा शिपायानंच तिकडं विडीच्या बदल्यात घेतलं असेल. आज्जाला विचारायला हवं होतं. तो जाऊन तीस वर्षं झाली.

आता डबा गेला, अल्बम आला. त्यात दोन्ही नाणी शेजारी ठेवलीत. पानावरून चुंबक फिरवलं की आज्जाचा राजा प्लॅस्टिकसकट वर उचलला जातो. शेजारचा गरुड जागचा हलत नाही.