हत्तीवरून उतरताना



मागच्या दशलक्षणात मी मंदिरात खुर्चीवर बसून पूजा केली. तुमच्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं, "काय गं, गुडघे का?" मी "हो ना, गुडघेच" म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर आठवलं, दिवस उत्तम सत्याचा होता! ते मनात टोचत राहिलं म्हणून आज लिहिते आहे.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डॉक्टर 'एमएस' म्हणतात.

आपल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती शत्रू समजून ते आवरणच कुरतडते. मग मेंदूचा निरोप पुढे नीट पोचत नाही. कुठे कुरतडलं त्याप्रमाणे कोणाचा डोळा जातो, कोणाचा पाय, कोणाचा लघवीवरचा ताबा. बहुतेकांना वीस ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही (एका काकूंनी माझा पेला वेगळा ठेवला होता, म्हणून मुद्दाम सांगते). मुळापासून बरं करणारं औषध नाही. झटके कमी करणारी औषधं मात्र आहेत.

माझं सुरू झालं 2017 मध्ये, कुंकवापासून. उजवा डोळा फिरवला की दुखायचा आणि त्या डोळ्याने करंड्यातलं कुंकू विटकरी दिसायचं, धुऊन विटलेल्या साडीसारखं. महिन्याभरात नजर परत आली आणि मी विसरून गेले. 2018 च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येतो, सासूबाईंची फार इच्छा, म्हणून आम्ही सगळे गेलो. विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या. अर्ध्यात माझे पाय लाकडासारखे झाले आणि उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. सावलीत बसून पाणी प्यायले, तासाभरात धुकं विरलं. सासूबाई म्हणाल्या, "भगवंतांनीच दृष्टी दिली."

पुढे न्यूरॉलॉजिस्टनी याचं कारण सांगितलं. अंग तापलं की दुखावलेल्या नसेतून जाणारा निरोप आणखी अडखळतो, आणि अंग निवलं की पुन्हा जातो. ऊटहोफ नावाच्या जर्मन डॉक्टरने हे 1890 मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणून मे महिन्यात खारघरच्या दमट दुपारी मी खाली भाजी घ्यायलाही उतरत नाही. तुम्हाला वाटतं हिला ऊन सोसत नाही, नाजूक आहे. नाजूक नाही गं, माझी वायरिंग उघडी आहे.

शरीराचं एवढं पुरे. मला लिहायचं होतं ते मनाचं.

निदान झाल्यावर पहिलं वर्ष मी फार शूर होते. सगळ्यांना हसून दाखवायची, पहाटे उठून स्वयंपाक, मुलीचा डबा, सामायिक, सगळं होतं तसं. दुसऱ्या वर्षी काहीतरी बिघडलं. थकवा आधीपासून होताच. तो झोपून जात नाही, अंगावर ओली चादर टाकल्यासारखा असतो. पण आता कशात रसच उरेना. चैत्रात आंब्याची डाळ केली आणि चव बघावीशी वाटली नाही. मंदिरात शांत वाटायचं, तेही थांबलं. स्वाध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार आपण सगळ्यांनीच वाचले आहेत. त्यातलं तिसरं पीडाचिंतन, दुखण्याचाच विचार करत बसणं. मी स्वतःला तिथे पकडलं आणि रागवायला लागले. 'एवढी वर्षं सामायिक करतेस आणि हे तुझे परिणाम?' म्हणजे आधी दुःख, मग दुःख झाल्याचा अपराध, मग त्या अपराधाचं दुःख. अठ्ठेचाळीस मिनिटं डोळे मिटून मी फक्त स्वतःला बोल लावायची.

त्यात एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "असातावेदनीयाचा उदय आहे, समतेने सहन कर." कर्माचा उदय मलाही मान्य आहे. पण आपल्याच धर्माने चार दानांमध्ये औषधदान सांगितलं आहे ना? औषध घेणं हा समतेचा भंग असता तर ते देण्याचं पुण्य कशाला सांगितलं असतं? हे तेव्हा सुचलं नाही, अर्थात. तेव्हा मी मान खाली घातली आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

यांनी एक दिवस न्यूरॉलॉजिस्टसमोर माझ्याआधी तोंड उघडलं. "हिला आता काहीच आवडत नाही, डॉक्टर." मला राग आला. पण डॉक्टर जे बोलले ते मी आजवर कोणाकडून ऐकलं नव्हतं. एमएस असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधीतरी नैराश्य गाठतं, आणि ते नुसतं आजाराच्या धक्क्याने येत नाही. ज्या मेंदूवर डाग आहेत त्याच मेंदूत मनःस्थिती घडते. "तुमचा डोळा गेला तेव्हा तुम्ही श्रद्धा कमी पडली असं म्हणालात का?" त्यांनी विचारलं. मी काही म्हणाले नाही.

मानसोपचाराच्या गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत, दोन महिने घालवले. आपल्याकडे गुंगीच्या गोळ्या म्हणतात, सवय लागते म्हणतात. आधीच एक कॅप्सूल पोटात जात होती. तिचं कवच जिलेटिनचं, आणि जिलेटिन कशाचं असतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यावर मी किती रात्री जागले! शेवटी विहारात आलेल्या एका माताजींना धीर करून विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरा पर्याय शोधलास?" शोधला होता, मला चालेल असा नव्हता. "मग घे, आणि शोधत राहा." ती कॅप्सूल दिवसातून दोनदा जेवणासोबत घ्यायची असते. सूर्यास्ताआधी जेवण्याची आपली सवय इथे कामी आली. उपवास मात्र सुटले. कॅप्सूलने कधीकधी चेहरा लालबुंद होतो. मंदिरात "काय तेज आलंय" म्हणणाऱ्या वहिनींना मी खरं सांगितलं नव्हतं, आता सांगते.

मनाच्या गोळ्यांचा फरक कळायला चार-पाच आठवडे लागले. सोबत समुपदेशनही होतं. त्या ताई अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीने शिकवायच्या. ठाण्याच्या आयपीएच संस्थेमुळे ही विचारपद्धत मराठीत बऱ्याच जणींना ऐकून माहीत असेल. त्यांनी मला एक वही दिली आणि माझ्या वाक्यांमधले 'च' शोधायला लावले. 'पूजा उभ्यानेच केली पाहिजे.' 'दहा दिवस उपवास झालेच पाहिजेत.' 'घरातलं मलाच जमलं पाहिजे.' एका पानावर सतरा 'च' निघाले! इच्छा ठेवा, त्या म्हणाल्या, फक्त 'च' खोडून वाचा.

ती वही मी शेजारच्या कच्छी भाभींना दाखवली. त्या श्वेतांबर आहेत. आपल्याकडे बाहुबलींची गोष्ट अशी, की वर्षभर ते कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, पण मनात एक शल्य राहिलं. भरत येऊन पाया पडले तेव्हा ते गेलं आणि केवलज्ञान झालं. माझं माहेर हातकणंगले तालुक्यातलं, कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगराजवळचं, त्यामुळे ही गोष्ट दुधाबरोबरच प्यायलेली. भाभींकडची गोष्ट थोडी वेगळी. तिथे ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येतात आणि उभ्या असलेल्या भावाला म्हणतात, हत्तीवरून खाली उतर. ते चकित होतात. मी तर जमिनीवर उभा, हत्ती कुठला? मग उमगतं, की हत्ती अभिमानाचा आहे.

मी त्या रात्री खूप वेळ गॅलरीत बसले. मी कोणाला खुर्ची मागत नव्हते, रिक्षा थांबव म्हणत नव्हते, दळण वर आणून दे म्हणत नव्हते. त्याला मी समता म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हटलं, "आई, भाकरी तुम्ही थापाल का? माझे हात आज ऐकत नाहीत." त्या क्षणभर बघत राहिल्या. मग परात ओढून घेत म्हणाल्या, "वर्षभर वाट बघतेय मी, तू कधी म्हणतेस त्याची."

कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करते आहे. तिथे माझ्यासारख्याच बायका भेटतात, ज्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. 2016 च्या अपंगांच्या हक्काच्या कायद्यात आपला आजार नावानिशी आहे. आणि मन फार बुडत असेल तर सरकारचा टेलिमानस हा फोन आहे, 14416, मराठीतही बोलतात. घरचे सगळे बाहेर गेल्यावर गॅलरीत उभं राहून करता येतो.

अजून वाईट दिवस येतात. परवाच सगळी दुपार भिंतीकडे तोंड करून काढली. सामायिक आता खुर्चीवर करते, कधी वीस मिनिटांतच डोळा लागतो.

या रविवारी मी मंदिरात असेन, मागच्या खांबाजवळच्या खुर्चीवर. गुडघ्यांचं विचारू नका. आणि यंदाचे उडदाचे पापड कोणाकडे घालणार आहात ते मला कळवा. लाटायला हात चालले नाहीत तर लाट्या करून देईन, फक्त सकाळी लवकर सुरू करा, ऊन चढायच्या आत.