काठाचा ताण

भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या गालिच्यात चुणी दिसते ती खोलीच्या मधोमध. तिचं मूळ मात्र बहुधा भिंतीशी असतं. अमेरिकेतल्या घरांत असा गालिचा सहसा जमिनीला चिकटवत नाहीत. कडेकडेने लाकडी पट्ट्या ठोकतात. त्यांतल्या बारीक खिळ्यांची टोकं भिंतीकडे झुकलेली असतात. त्यांवर ताणून अडकवलेला गालिचा स्वतःच्या ताणावर सपाट राहतो. तबला चढवताना हातोडी शाईवर नव्हे, काठावरच्या गजऱ्यावर पडते, गालिच्याचंही तसंच. मधल्या चुणीवर कपाट ठेवलं, तर ती फक्त बाजूला सरकते.

गालिचा सैल पडण्याचं एक कारण म्हणजे त्याची पाठ, आणि ती समजायला गालिचा कसा बनतो ते पाहावं लागतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, डाल्टनजवळ, 1895 साली 15 वर्षांच्या कॅथरीन इव्हान्सने हाताने टाके घालून एक पलंगपोस केला. त्या घरगुती कलेतून पुढे गालिच्याचा मोठा उद्योग उभा राहिला. या गालिच्याची लव विणलेली नसते, कापडात टोचलेली असते. ती निसटू नये म्हणून मागे लॅटेक्सचा लेप आणि त्यावर दुसरं कापड. हे कापड पूर्वी तागाचं असे. आता बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. उकाड्यात, दमट हवेत हे सगळे थर थोडे सैलावतात. जड सोफा ओढत नेला, खाली अंथरलेला फोम फार मऊ असला, की गालिचा आणखी सुटतो. पण बहुतेक वेळा दोष पहिल्याच दिवसाचा असतो: अंथरताना पुरेसा ताण दिलेलाच नसतो.

दुरुस्तीआधी पारख हवी. पाण्याने धुतल्यावर आलेल्या लाटा वाळताना आपोआप बसू शकतात. त्यांना काही दिवस द्यावेत. पाठीचे थर एकमेकांपासून सुटून फुगा आला असेल, तर ताणूनही उपयोग नाही.

बाकी चुण्यांसाठी सामान हलवून एका बाजूची कड खिळ्यांवरून उचलतात. मग येतो पॉवर स्ट्रेचर: लांब दांडा, एका टोकाला दातेरी डोकं. दुसरं टोक समोरच्या भिंतीला टेकवून तरफ दाबली, की गालिचा पुढे सरकतो. लांबी-रुंदीत एक टक्क्याच्या आसपास ताण पुरतो. चार मीटरच्या खोलीत चार सेंटिमीटर. आकडा लहान, पण हाताने ओढून तो साधत नाही.

घाईत अनेक कारागीर ‘नी किकर’ या लहान अवजारावरच भागवतात. त्याच्या गादीला गुडघ्याने धडक देऊन गालिचा ढकलायचा. कोपऱ्यांत, कपाटांत ते लागतंच; सबंध खोलीला तेवढा ताण त्याने मिळत नाही, आणि किंमत शरीराला मोजावी लागते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1990 साली इशारा दिला होता: गालिचे बसवणारे देशातल्या कामगारांत 0.06 टक्क्यांहून कमी, पण गुडघ्याच्या दुखापतीच्या भरपाईदाव्यांत त्यांचा वाटा 6.2 टक्के. ज्या गालिच्यावर दुसऱ्यांची मुलं रांगतात, त्याच्यासाठी कुणाचा गुडघा निकामी होऊ नये. म्हणून मोठं यंत्र आणायला सांगणं घरमालकाचंही काम आहे.

ताण बसला की गालिचा खिळ्यांवर दाबतात, उरलेली कड कापतात आणि टोक पट्टी व भिंतीमधल्या फटीत खोचतात. सामान परत ठेवताना ते उचलून ठेवावं, ओढू नये.