पेढ्यांच्या बातमीनंतर

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला ओळखीच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, पोरगं चार दिवस झाले फोन उचलत नाही. तिकडं तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

पोरगं म्हणजे आमच्याच तालुक्यातलं, सरकारी मेडिकल कॉलेजला लागलेलं. त्याची बातमी मीच दिली होती. आई पेढा भरवतेय असा फोटो आणि वर मथळा, 'शेतकऱ्याचा मुलगा होणार डॉक्टर'. स्टँडसमोर फ्लेक्स लागला होता. त्यावर शुभेच्छुकांचे इतके चेहरे, की मुलाचा फोटो शोधावा लागत होता.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. वाटेत वडील एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. दोघांच्या मनात एकच भीती होती, ती तोंडावर कोण आणणार?

पोरगं होस्टेलवरच सापडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पहिल्या वर्षाचा निकाल लागून आठवडा झाला होता. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री निघाले, ॲनाटॉमी राहिला. घरी सांगितलेलं, निकाल अजून लागायचाय. आणि खरी गोष्ट पुढेच. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते आणि यानं तो भरलाच नव्हता. फीचे पैसे मागायचे तर कारण सांगावं लागलं असतं ना!

इथं जरा नियम सांगतो, कारण गावात कुणालाच माहीत नसतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंगसारखं एटीकेटी नाही. तिन्ही विषय निघाल्याशिवाय दुसऱ्या वर्षात पाय ठेवता येत नाही. पुरवणीत पास झालात तर आपल्याच बॅचबरोबर पुढे जाता. नाही झालात तर मागून आलेल्या पोरांबरोबर पुन्हा बसायचं. पहिलं वर्ष पार करायला जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि चार वर्षं मिळतात. म्हणजे एकदा नापास झालेल्याचं करिअर संपत नाही. पण लपवण्याच्या नादात फॉर्म चुकला, तर हातातलं वर्ष मात्र जातं.

चहाच्या टपरीवर बसल्यावर पोरगं हळूहळू बोलायला लागलं. लेखी पेपर बरा गेला होता. पण लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी ब्रॅकियल प्लेक्सस विचारलं. खांद्यातून हातात जाणाऱ्या नसांचं ते जाळं त्यानं पन्नास वेळा काढलं होतं. "काका, आकृती डोळ्यासमोर दिसत होती. इंग्रजीत वाक्यच जुळेना. सर म्हणाले, नेक्स्ट."

दहावीपर्यंत मराठी शाळा. नीटला चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा असतो, तिथं कुणी बोलायला लावत नाही. त्यामुळे ही अडचण इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आली नाही. त्याच्याही नाही.

मी वडिलांकडे बघत होतो. वाटलं, आता फटका पडतो. त्यांनी विचारलं, "फॉर्मला किती लागतात?" पोरानं आकडा सांगितला. त्यांनी बंडीच्या खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आरं, एवढ्यासाठी फोन उचलत नव्हतास?" मग मात्र त्यांनाच रडू आलं. पोरगं उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलं. टपरीवाल्यानं न सांगता अजून तीन चहा आणले.

फॉर्म त्याच दुपारी भरला. ॲनाटॉमीच्या एका मॅडमनी त्याला रोज संध्याकाळी अर्धा तास तोंडी तयारीसाठी बोलावलंय. वर्गातल्या आणखी पाच जणांचा विषय राहिलाय, हे त्याला त्या दिवशी कळलं. तोवर त्याला वाटत होतं, आपण एकटेच.

येताना गाडीत मला माझीच बातमी आठवत होती. ती लिहिताना मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. घरात डॉक्टर कोणी नाही, मग पहिल्या वर्षी अडलं तर कुणाला विचारशील, एवढंही नाही. आणि गावात गेला की जो तो 'काय डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारतो. असल्या हाकेला पोरगं काय सांगणार, की माझा ॲनाटॉमी राहिलाय?

हे लिहिण्याआधी त्याला विचारलं. म्हणाला, "लिहा काका. फक्त नाव आणि गाव नको. आणि बाबांना सांगा, तो स्टँडवरचा फ्लेक्स आता उतरवा. फाटलाय तसाही."

वडिलांना सांगितलंय. शिडी मिळाली की उतरवतो म्हणालेत.