एलिप्पनी

मल्याळममध्ये ‘एली’ म्हणजे उंदीर आणि ‘पनी’ म्हणजे ताप. लेप्टोस्पायरोसिसला केरळात एलिप्पनी म्हणतात. मुंबईशी नाते असलेल्या वाचकांना २६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतरची साथ स्मरत असेल, रोग तोच.

याचा जंतू मळसूत्रासारखा पिळदार. तो उंदराच्या मूत्रपिंडात सुखाने नांदतो आणि मूत्रावाटे पाण्यात, चिखलात उतरतो. तेथून टाचेची भेग, एखादा ओरखडा, नाही तर डोळ्या-नाकाची ओली त्वचा त्याला पुरते. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी हुडहुडी भरून ताप येतो. डोके फुटते, डोळे लालबुंद होतात पण चिपडे धरत नाहीत. पोटऱ्या तर नुसत्या स्पर्शानेही ठणकतात. आठवड्याभरात ताप पुष्कळदा उतरतो. बहुतेकांचे दुखणे तेवढ्यावरच मिटते. काहींच्या बाबतीत मात्र रक्तातून हटलेला जंतू मूत्रपिंडात ठाण मांडतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांची अस्तरे पाझरू लागतात. कावीळ होते, लघवी आटते, क्वचित फुप्फुसात रक्तस्राव होतो. कावीळ व मूत्रपिंडविकार यांची ही जोडी जर्मन वैद्य अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये वर्णिली.

मधली ती उतरती कळा मला सर्वांत घातक वाटते. २०१८ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर आमच्या कार्यालयाचे तळघर उपसणारा एक कंत्राटी कामगार सहाव्या दिवशी ताप गेला म्हणून कामावर हजर झाला. रोजंदारीवरचा माणूस, दुसरे काय करणार? दहाव्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले.

आणखी एक पेच आहे. प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ती शोधणारी चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा नकारार्थी येते. आम्हा शासकीय मंडळींना आधी पुरावा लागतो, खर्च मागाहून. येथे नुसत्या संशयावर औषध सुरू करावे लागते. केरळचा आरोग्य विभाग संशयित आणि निश्चित रुग्ण वेगवेगळे मोजतो, हे मला म्हणूनच प्रगल्भ वाटते. त्या महापुरात चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन आठवड्यातून एकदा, २०० मिलिग्रॅम, देण्याची मोहीम राबवली गेली. गोळी काही रुपयांची. डायलिसिसच्या खर्चाशी तिची तुलना करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आमच्या कामगाराला मात्र ती गोळी मिळाली नव्हती. कंत्राटदाराची माणसे कोणाच्याच यादीत नव्हती. चार वेळा डायलिसिस होऊन तो वाचला. रजेच्या सव्वीस दिवसांची मजुरी त्याला मिळाली नाही. करारात तसे कलमच नव्हते.