दोन फुटांचं पाणी

आमच्या घरात सकाळी सर्वांत आधी अब्बा उठतात. फजरची नमाज खुर्चीवर बसून पढतात आणि मग खिडकीकडे तोंड करून बसतात. अम्मीच्या इंतकालानंतर ही खिडकीच त्यांचं जग झाली होती. त्याआधीच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हात उचलतो, पण पकड नाही. शब्द सुचतात, पण ओठांवर यायला वेळ लागतो. चाळीस वर्षं सोलापुरातल्या यंत्रमागावर चादरी विणलेला, मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय असलेला माणूस दिवसातून दहा-बारा शब्दांवर आला.

धाकट्या भावाने कुणाकडून तरी मासे पाळायची जुनी काचेची पेटी आणली, ती या खिडकीशेजारी ठेवायची ठरली. भाऊ म्हणाला, "आपा, इतवार को जाके चार रंगीबेरंगी मछल्या डाल देंगे, अब्बा का दिल बहलेगा." मी त्याला थांबवलं. कारण एकच. रात्री पेटीत जे मरेल ते पहाटे सगळ्यात आधी अब्बांना दिसणार. दर आठ दिवसांनी एक मेलेला मासा त्यांच्या डोळ्यांसमोर तरंगणार असेल तर ती पेटी न आणलेली बरी. त्या खोलीने नुकतीच एक मय्यत पाहिली होती.

मी सातवीला विज्ञान शिकवते, उर्दू माध्यमात. त्यामुळे वाचायची आणि वहीत मांडायची सवय आहे. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे हिशेबाने साडेछप्पन लिटर. तळाला वाळू आणि वर चार बोटं मोकळी जागा सोडली की पंचेचाळीसच्या आसपास पाणी उरतं. दोन घागरी म्हणा फार तर. एवढ्या पाण्यात कोण कोणाबरोबर राहू शकेल, हा सगळा प्रश्न होता.

पहिले दीड महिना पेटीत मासा सोडलाच नाही. अब्बांना हे अजिबात पटलं नाही. तीन आठवडे नुसतं पाणी आणि झाडं पाहिल्यावर एक दिवस बराच वेळ जुळवाजुळव करून ते म्हणाले, "पानी... पालती क्या?" झटक्यानंतरचा त्यांचा हा पहिला विनोद. घरातले सगळे हसले, ते स्वतःही. पण कारण खरं आहे. मासा जे सोडतो आणि जे अन्न उरून कुजतं त्याचा अमोनिया होतो, आणि तो माशाला विष आहे. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर काही जिवाणू हळूहळू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि झाडं ते खातात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात. लोक पेटी आणतात त्याच संध्याकाळी मासे सोडतात आणि चार दिवसांनी ते मेले की "पाणी लागलं नाही" म्हणतात. मी रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या पाण्यात टाकत होते आणि दर तीन दिवसांनी नळीत पाणी घेऊन रंग तपासत होते. फळ्यावर नायट्रोजनचं चक्र मी कैकदा काढलंय. ते घरात घडताना पहिल्यांदाच पाहिलं.

झाडांचा प्रश्न मात्र सहज सुटला. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं. ते इतकं जड की साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याला पांढरा थर धरतो. व्हॅलिसनेरिया नावाचं गवतासारखं लांब पात्याचं झाड अशा पाण्यात उलट जोमाने वाढतं. मागच्या बाजूला ते लावलं. पुढे क्रिप्टोकोरीन आणि एका दगडाला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न. त्याचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, म्हणून बांधायचं. दोरा अब्बांनीच दिला, मागावरचा. गाठ मात्र मला मारू दिली नाही. डाव्या हाताने आणि दातांनी स्वतः मारली.

मग माशांची निवड. शाळेत शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तर प्रत्येकाची एक सूचना. सगळ्यात आधी गोल्डफिश. तो वीतभर वाढतो, घाण फार करतो, त्याला थंड पाणी मानवतं आणि कोवळी झाडं तो भाजीसारखी खातो. दुकानदाराने बोटाएवढा 'शार्क' दाखवला. तो खरा शार्क नव्हेच, पंगासिअस जातीचा मासा, वाढला तर माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढा. 'काच साफ करतो' म्हणून सकर मासा गळ्यात मारायचाही प्रयत्न झाला. तोही फूटभर होतो, मग लोक कंटाळून त्याला तलावात सोडून देतात, आणि देशातल्या किती तरी पाण्यांत तो आता नको इतका माजलाय. एंजल फिश दिसायला देखणा, पण उंचीला एक फूट पाणी त्याला अपुरं, आणि तोंडात मावेल तो शेजारी त्याच्या पोटात. टायगर बार्ब तर शेजाऱ्यांच्या शेपट्या कुरतडण्यात पटाईत. दुकानदाराकडे हे सगळे एकाच टाकीत होते. "सब साथ में रहते, मॅडम," तो म्हणाला. दुकानात राहतात, कारण तिथे कुणी आठवडाभराच्या वर राहतच नाही.

माझ्या वहीत तीन नावं उरली. पहिलं गप्पीचं. जड पाणी त्याला फार आवडतं, चिवट आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं तो डबक्यात सोडतात, त्यामुळे मुलांनाही ओळखीचा. पण मादी दर महिन्याला पिल्लं देते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढे काही महिने नराशिवायही देत राहते. पंचेचाळीस लिटरचं सहा महिन्यांत काय होईल ते दिसतच होतं. दुसरं हनी गुरामी, मधाच्या रंगाचा, दोन इंचांचा, अतिशय भिडस्त. हा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने गंगेतल्या माशांवर 1822 साली जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात त्याची पहिली नोंद आहे, आणि शास्त्रीय नावात 'चुना' हा शब्द आजही टिकून आहे. त्याच ग्रंथात झेब्रा डॅनिओही आहे, ज्याच्यावर आज जगभरच्या प्रयोगशाळा चालतात. मला मनापासून हा गुरामी हवा होता. जोडीला सहा चेरी बार्ब, श्रीलंकेचे, झाडांत वावरणारे. सगळं जुळत होतं.

ती यादी घेऊन मी अब्बांना रिक्षाने दुकानात नेलं. त्यांनी यादीकडे पाहिलंही नाही. काउंटरवर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या, एकेका बरणीत एकेक फायटर. त्यातल्या निळ्याजांभळ्या एकापुढे ते उभे राहिले आणि काठी त्याच्याकडे केली. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत त्यांनी असला मासा पाहिला होता, त्यांच्या वडिलांनी तो घेऊन दिला नव्हता. ही गोष्ट आम्ही भावंडांनी आधी कधी ऐकलेली नाही. त्या दिवशी रिक्षात, एकेक शब्द जोडत, ती पूर्ण व्हायला घर आलं.

फायटर थायलंडकडचा. 2019 साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर केलं. दोन नर एकत्र आले की एकमेकांना फाडतात, हे सर्वांना ठाऊक असतं. पण तो आपल्यासारखा दिसणाऱ्या कुणावरही धावून जातो, म्हणजे लांब झुपकेदार शेपटीचा गप्पी बाद. गुरामी त्याचा भाऊबंदच, दोघेही पाण्याबाहेरची हवा श्वासात घेणारे आणि दोघेही पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधणारे. जागा एकच, तेव्हा गुरामी बाद. चेरी बार्बचे नर रंगात आले की लालभडक होतात. ती जोखीम मला घ्यायची नव्हती. वहीतलं पान फाडलं. खिडकीशी दिवसभर बसणार अब्बा, तर मासा त्यांच्या पसंतीचा आणि बाकीचे त्या माशाच्या पसंतीचे. उलटं करण्यात मला काही अर्थ दिसेना.

फायटरला चालतील असे शेजारी म्हणजे लहान, आखूड शेपटीचे, भडक नसलेले, आणि त्याच्या मागे न लागणारे. हार्लेक्विन रासबोरा यात नेमका बसतो. मलाया-थायलंडकडचा, दीड इंचाचा, तांबूस अंगावर मागच्या अर्ध्या भागात काळा त्रिकोण. थव्याने राहतो, म्हणून सहापेक्षा कमी घेऊ नयेत. आठ घेतले. तळाशी फिरणारे कॉरिडोरास सुचवले होते, पण तेही टोळीनेच ठेवावे लागतात आणि सोलापूरचा मे महिना त्यांना झेपला नसता. तळ मोकळाच ठेवला.

रासबोराला फार जड पाणी नको असतं. मग अर्धं नळाचं, अर्धं जारचं. वीस लिटरचा जार आपल्याकडे लग्नापासून दुकानापर्यंत सगळीकडे पोचतो, तो एक आमच्या पेटीसाठीही येऊ लागला. जारवाला पोरगा माझाच माजी विद्यार्थी. "मॅम, मछल्या फिल्टर का पीते?" असं त्याने गंभीरपणे विचारलं.

रासबोरा आधी सोडले, दोन आठवड्यांनी फायटर. नवा गडी शेवटी आला की आधीच्यांनी जागा धरलेली असते, त्याची मालकी चालत नाही. पहिल्या दिवशी त्याने गालफडं फुगवून दोनदा चाल केली. थवा फुटला, पुन्हा जुळला. तिसऱ्या दिवसापासून त्याने त्यांच्याकडे पाहणं सोडून दिलं.

एका स्नेह्यांनी मला सुचवलं की यावर लिहा, वेगवेगळ्या रंगांचे मासे कसे गुण्यागोविंदाने नांदतात वगैरे. मला ते लिहिवत नाही. ते नांदत नाहीत. फायटरला रासबोराविषयी प्रेम नाही आणि रासबोराला त्याची पर्वा नाही. लपायला झाडं आहेत, पोटाला पुरेसं आहे आणि कुणाच्या वाट्याची जागा कुणी घेतलेली नाही, एवढंच.

उन्हाळ्यात पाणी बत्तीसवर गेलं तेव्हा झाकणाच्या जागी जाळी बसवून वरून छोटा पंखा सोडला. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मात्र क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती फक्त जारच्या पाण्याची. जाळी हवीच, फायटर उडी मारतो. वीज गेली तर फायटर वरून हवा घेईल, रासबोराला ते जमत नाही. त्यांच्यासाठी बॅटरीवरचा पंप आहे. तो सुरू करायचं बटण अब्बांच्या डाव्या हाताला येईल असं लावलंय.

फायटरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, हे मी अब्बांना घेतानाच सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती, "मालूम" म्हणून.

आता पहाटे ते मोजतात. मोठ्याने, कारण बोलण्याचा सराव तसाच करायला सांगितलाय. एक, दो, तीन. कधी सातवर थांबतात आणि मला हाक मारत नाहीत. वाट पाहतात. आठवा बहुतेक फर्नमागे असतो. परवा मी विचारलं, तळाला दोन गोगलगायी सोडू का, शेवाळ खातील. त्यांनी बराच वेळ पेटीकडे पाहिलं.

"नक्को," ते म्हणाले. "भरी हुई हे."